तीन रचनांपलीकडचे ६० गुण

‘ग्रेडच्या परीक्षांमुळे मुले वर्षभर तीनच रचना घोटत बसतात, म्हणून त्या बंदच कराव्यात’ हे पियानोच्या पायरीपायरीने होणाऱ्या ग्रेड परीक्षांवरील आपल्या लेखातील विधान मला पटले नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या पियानोच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना असतात आणि उरलेले ६० स्केल्स (क्रमाने वाजवायची स्वरसप्तके), न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजवणे आणि श्रवणचाचणी यांना. उत्तीर्ण होण्यास १०० गुण लागतात. म्हणजे तिन्ही रचना निर्दोष वाजवूनही बाकी भागांत कोरा राहिलेला विद्यार्थी नापासच होतो. दोष असेलच तर तो आम्हा शिकवणाऱ्यांच्या घाईचा आहे.

मी सांगलीत पियानो शिकवतो. दुसऱ्या क्लासमधून आलेली एक मुलगी चौथ्या ग्रेडची रचना झोकात वाजवत असे. मधल्याच एका ओळीपासून फक्त डावा हात वाजव म्हटल्यावर मात्र ती थबकली आणि ‘सर, पहिल्यापासून वाजवू का?’ असे विचारू लागली. रचना घाईने नुसती पाठ करून घेतल्याचा हा परिणाम. शेजारच्या मिरजेत गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे कसून तालीम घेतलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनीच १९०१ मध्ये लाहोरला ठरावीक अभ्यासक्रमाने संगीत शिकवणारे गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा अभ्यासक्रम आणि तालीम यांचे वैर आहे असे निदान आमच्या भागात तरी कोणी म्हणू नये. लेखात राहून गेलेली बाब वेगळीच आहे: सहाव्या ग्रेडपासून लागणारी थिअरीची (संगीतशास्त्राची) अट सोडली, तर खालची ग्रेड न देताही वरच्या ग्रेडला बसता येते, हे बहुतेक पालकांना कोणी सांगतच नाही.