'संध्याकाळपर्यंत सुनौली' म्हणणाऱ्यांनो, एकदा दाउन्नेच्या रांगेत बसा

काठमांडूहून सकाळी निघायचं, संध्याकाळी भारताच्या सीमेवरचं सुनौली, रात्री गोरखपूरहून मुंबईची गाडी. कागदावर किती झकास! अयोध्या-काशी-नेपाळ यात्रेचं पत्रक छापणारा माणूस भर पावसाळ्यात या रस्त्याने कधी आलाय का हो?

दरड कोसळली तर डोंगराला शिव्या घालून उपयोग नाही, मान्य. मुगलिन ते नारायणगढ एकीकडे कडा, दुसरीकडे त्रिशूली नदी, तिथे अडकायची तयारी ठेवावीच लागते. पण पुढच्या नारायणगढ-बुटवलचं काय? ११३ किलोमीटरचं रुंदीकरण २०१९ पासून चाललंय, मुदतवाढीवर मुदतवाढ. दाउन्नेच्या घाटात पाऊस असला की चिखल, नसला की धुरळा.

बरं, रांगेत गुमान उभं राहावं, तर तेही नाही. एक लेन हळूहळू का होईना सरकत असते. तेवढ्यात मागून एखादी हायस व्हॅन हॉर्न मारत उजवीकडून घुसते. तिच्यामागे जीप, मग बस. समोरच्यांना यायला वाटच उरत नाही, तोंडाला तोंड लागतं आणि सगळंच ठप्प. आमचा ड्रायव्हरही घुसला! त्याला 'शाब्बास' म्हणणारे काका नंतर अंधार पडेपर्यंत 'यांना शिस्तच नाही' म्हणत मीठ लावलेली काकडी खात बसले. धन्य.

आणि बायकांनी जायचं कुठे? कडा आणि दरी यांच्यामध्ये दोघींनी साडी धरायची, तिसरीने आडोशाला बसायचं, वर ट्रकवाल्यांच्या हेडलाइट. पत्रकात 'लक्झरी बस' लिहिलंय बरं का.

कधी सुटणार विचारलं की टूर मॅनेजरचं ठरलेलं उत्तर, "दहा मिनिटं". अरे, कसली दहा मिनिटं? माहीत नाही तर माहीत नाही म्हण ना! म्हणजे माणूस रेल्वेचं तिकीट तरी वेळेत रद्द करेल. इथे भारतातलं सिम मुकं, चार्ट लागला की पैसे बुडाले, आणि बसचं भन्सारचं (नेपाळी कस्टमचं) परमिट दिवसांवर, दिवस वाढला की भुर्दंड. तोही आमच्याकडूनच मागायची तयारी. सुनौलीला घड्याळ पंधरा मिनिटं मागे करायचं, तेवढाच काय तो वेळ परत मिळतो.

सगळ्यात डोकं सटकलं ते त्याच्या पुढच्या वाक्याने. "पुढच्या वेळी काठमांडूहून रात्रीच निघू, रस्ता मोकळा मिळतो." १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच वाटेवर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूलीत ढकलल्या. साठाहून जास्त माणसं होती आत. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत गेली, ती तर भरदिवसा. आणि हा गृहस्थ एक मुक्काम वाचवायला म्हाताऱ्या माणसांना पावसात, रात्री त्या कड्याखालून नेणार!

सुनौलीत किंवा गोरखपुरात एक मुक्काम धरा आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवसाची काढा. त्याचे काय पैसे होतील ते आधीच सांगा, देतो आम्ही. पण 'संध्याकाळपर्यंत सुनौली' हे पत्रकातून आधी खोडा.