पाच गोळ्यांवरची टाइल

आज एका घरी शेगडीमागची टाइल सुटून ओट्यावर पडली. नशीब, तेव्हा तिथं कुणी उभं नव्हतं. व्हिट्रिफाइड, म्हणजे खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली, १ बाय २ फुटांची, लावून जेमतेम वर्ष झालेलं. दोन तुकडे जुळवून पाठ बघितली. सिमेंटचे पाच गोळे! चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. बाकी पाठ कोरी करकरीत, आणि मधल्या पोकळीत झुरळांची अंडी. जिथे दोन वेळचं अन्न शिजतं तिथे हे असलं काम?

अहो, व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्कासुद्धा पाणी पीत नाही. भिंतीची साधी सिरॅमिक १० टक्क्यांच्या वर पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावली तर धरते. हिच्या अंगात सिमेंट शिरणार कुठून? त्यात शेगडीचा ताप, वाफ, रोजचं तापणं नि निवणं. भिंत ओळंब्यात नसेल तर गोळ्यांनी पातळी पटकन जुळते, मान्य. मग आधी प्लास्टर सरळ करा ना!

आणि सिमेंटऐवजी टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह वापरायला खर्च तरी किती? एल आकाराचा १३ फूट ओटा, वर २ फूट उंची, म्हणजे २६ चौरस फूट. तुटफूट धरून २९ च्या टाइल्स घ्या, सगळ्या एकाच बॅचच्या. अ‍ॅडहेसिव्हची २० किलोची एक पिशवी पुरून उरते. पिशवीवर आयएस १५४७७ हा टाइल अ‍ॅडहेसिव्हच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा, आणि ती व्हिट्रिफाइडला चालते का तेही वाचा.

पुट्टी आणि रंग खरवडून थेट प्लास्टरपर्यंत जायचं, नाहीतर टाइल पुट्टीसकट सुटते. पाण्यात पावडर घालून कालवायची, ५ मिनिटं थांबून पुन्हा ढवळायची. ६ मिलिमीटर दातांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा, मग दाबून किंचित सरकवायची. सगळी भिंत एकदम माखू नका. साधारण २० मिनिटांत वर साय धरते. बोटाला लागेनासं झालं की खरवडून टाका. आणि मधूनच एखादी ताजी टाइल उचलून पाठ बघा. ती पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. त्या घरी एकदा जरी बघितलं असतं!

सांधे २ मिलिमीटरचे, भरायचे २४ तासांनी, तेही इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेच्या भरावाने. महाग पडतं, खरंय. पण पांढऱ्या सिमेंटवर हळदीचा डाग बसला की निघत नाही. इपॉक्सी मात्र लगेच पुसून घ्या, वाळलं की टाइलवरून सुटत नाही. ओटा आणि टाइल मिळतात तिथे फक्त सिलिकॉन. ग्रॅनाइट जरासं हललं तरी तिथल्या सांध्यातला भराव तडकतो.

मिस्त्रीवर राग काढणं सोपं आहे. पण टाइल घरच्यांनी निवडली, सिमेंट-वाळू ठेकेदाराने टाकली, मजुरी चौरस फुटावर ठरली. त्या माणसापुढे अ‍ॅडहेसिव्हची पिशवी कुणी ठेवलीच नाही. हात चांगला आहे त्याचा, सांधे एका ओळीत आहेत. टाइल विकणाऱ्याने मात्र सांगायलाच हवं होतं. एवढ्या टाइल्स विकताना एक वाक्य बोलायला काय जातं?

उरलेल्या बारा टाइल्सवर नाण्याने टकटक केली. नऊ पोकळ वाजल्या. उद्या सगळ्या उतरवायच्या आहेत. तोवर शेगडी खिडकीकडे सरकवून ठेवली आहे.