आई आहे तिथेच, तुम्हाला दिसत नाही एवढंच

गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एक फोटो आला. कोणाच्या तरी मांडीवर हरणाचं पिल्लू. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, ओलं काळं नाक, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. खाली मजकूर : "फिरायला गेलो होतो, गवतात एकटंच पडलं होतं बिचारं. आई टाकून गेली. काय खायला देऊ?"

पाच मिनिटांत सल्ल्यांचा पाऊस. कोमट दूध द्या, बाटलीने द्या, कापसाने द्या. एका काकूंनी लिहिलं, "कसली आई म्हणायची ही!" मी लिहिलं, "दूध अजिबात देऊ नका. जिथून उचललंत तिथेच नेऊन ठेवा, आत्ता." झालं, मी निर्दय ठरले. स्वतः आई असून असं बोलवतं कसं, असंही एकीने विचारलं. तिथे भांडत बसले नाही, पण पोटात राहिलंय म्हणून इथे लिहिते.

मी जर्मनीत बायर्नमध्ये राहते, म्युनिकपासून तासाभरावरच्या गावात. दूधदुभत्याचा मुलूख, घराबाहेर पडलं की कुरणंच कुरणं. इथलं हे छोटं हरीण म्हणजे 'रे', आणि त्याचं पिल्लू म्हणजे 'किट्स'. आपल्याकडच्या भेकराएवढं, वीस-पंचवीस किलोंचं, आणि भेकरासारखंच भुंकतं. पहिल्यांदा रात्री ऐकलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून म्हटलं, कोणाचा तरी कुत्रा सुटलाय.

मे लागला की यांची वीण सुरू होते, ती जूनच्या मध्यापर्यंत चालते. बहुतेकदा जुळी. जन्मतःच वजन दीड किलोच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या बाळांच्या निम्मं. आणि या बाईचा हिशोब बघा. नर-मादी एकत्र येतात जुलै-ऑगस्टमध्ये. गर्भ राहतो, पण वाढत नाही. चार-साडेचार महिने नुसता थांबून राहतो आणि कडाक्याच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, वाढायला लागतो. का, तर पिल्लू जमिनीवर येईल तेव्हा गवत उंच असावं आणि आईला कोवळा पाला मिळावा. एवढा बेत करून जन्माला घातलेलं पोर ती म्हणे कुरणात टाकून गेली!

ती टाकून जात नाही. ती लांब जाते, कारण वास तिच्या अंगाला आहे. पिल्लाला पहिले काही दिवस जवळजवळ वासच नसतो. ती शेजारी बसून राहिली तर कोल्ह्याला घरचा पत्ता लिहून दिल्यासारखं होईल. म्हणून दोन पिल्लं दोन वेगळ्या जागी ठेवायची, आपण जंगलाच्या कडेला चरायचं, दिवसातून काही वेळा येऊन पाजायचं, चाटायचं, परत निघायचं. पिल्लाला एकच काम : दबून राहणं. कान मागे, मान जमिनीला, हूं की चूं नाही. पहिले दोन-तीन आठवडे ते पळतच नाही. माणूस आला तरी नाही, कुत्रा आला तरी नाही.

आणि ट्रॅक्टर आला तरी नाही. खरी अडचण इथे आहे. कुरणाची पहिली कापणी नेमकी याच आठवड्यांत येते. मोठ्या ट्रॅक्टरला पुढे-मागे कापणीयंत्रं लावली की एका फेरीत नऊ नऊ मीटरचा पट्टा खाली. आत बसलेल्याला उंच गवतात दीड किलोचा जीव दिसणं शक्यच नाही. देशभरात दरवर्षी अशी लाखभर पिल्लं कापली जातात असा अंदाज सांगतात. यात शेतकऱ्याला खलनायक करू नका. मेलेलं पिल्लू चाऱ्यात गेलं तर चारा सडून त्यात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, गाई मरतात. शिवाय खबरदारी न घेता कापणी केली तर प्राणिसंरक्षण कायद्याच्या कलम 17 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पिल्लू वाचावं असं त्यालाही वाटतंच.

परवा शनिवारी मी पहिल्यांदा या शोधाला गेले. शेजारच्या आजी गेली कित्येक वर्षं जातात. पूर्वी माणसांची रांग करून काठ्या घेऊन कुरण चालून काढायचे, आता उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले ड्रोन आहेत. 2021 पासून सरकार त्यांच्या खरेदीला अनुदानही देतंय. पहाटे चारला जमायचं, कारण ऊन चढलं की दगडही तापतात, उंदरा-चिचुंद्र्यांनी उकरलेली माती तापते आणि पडद्यावर सगळीकडे पिल्लंच पिल्लं दिसायला लागतात. मे महिना आणि सहा अंश तापमान. दवाने पँट मांडीपर्यंत भिजली. ड्रोनवाला वॉकीटॉकीवर सांगत होता : डावीकडे, अजून तीन पावलं, थांब, तुझ्या पायाशी आहे.

मला काही दिसेना. खरंच सांगते, पायाशी आहे म्हणतोय आणि मला नुसतं गवत दिसतंय. मग एक कान दिसला. पानाएवढा, आतून गुलाबी. मग डोळा. तो माझ्याकडे बघत नव्हता, कुठेच बघत नव्हता. पापणीवर दवाचा थेंब होता, तोही हलत नव्हता.

आजींनी हातमोज्यांवर दोन मुठी गवत घेतलं, त्या गवतातूनच पिल्लू उचललं आणि भोकं असलेल्या क्रेटमध्ये, खाली गवत अंथरून, कुरणाच्या कडेला सावलीत ठेवलं. कुरवाळणं नाही, बोलणं नाही. माझा हात आपोआप पुढे गेला तर आजींनी नुसतं बघितलं माझ्याकडे. आणि हो, हे सगळं शिकारहक्क असलेल्या, म्हणजे त्या भागात शिकारीचा कायदेशीर हक्क ज्याच्याकडे आहे त्या माणसाच्या परवानगीने. असंच कोणी पिल्लू उचलून घरी नेलं तर कायद्याच्या लेखी ती चोरटी शिकार होऊ शकते. ग्रुपवर हे सांगितलं असतं तर अजून शिव्या पडल्या असत्या.

तो क्रेट बघून मला माहेर आठवलं. आमचा जुन्नर तालुका. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात, तोड थांबते, वनखात्याची माणसं येतात. बछडे तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून लांब जातात. टोमॅटोचा असतो ना, तसलाच प्लास्टिकचा क्रेट. रात्री मादी येते आणि एकेक करून घेऊन जाते. तिथेही आधी गर्दी जमायची, मांडीवर घेऊन फोटो काढायची. हळूहळू लोकांना कळलं.

त्याच फडाच्या कडेला तोडकरी बाईचं तान्हं पोर पाचटावर झोपलेलं असायचं, वर लुगड्याची सावली. त्याला कोणी म्हणालं नाही की आई टाकून गेली. कारण आई दिसत होती, वीस पावलांवर कोयता चालवताना. दिसत नसली की मात्र बाई लगेच वाईट. माझा मुलगा एक वर्षाचा झाल्यावर पाळणाघरात जायला लागला, तेव्हा फोनवर एकच शब्द ऐकला : "टाकलंस?" ठेवलंस नाही, पाठवलंस नाही. टाकलंस. त्यामुळे ग्रुपवरचं ते "कसली आई" मला जरा जास्तच लागलं, हे कबूल करते.

साडेआठला कापणी संपली. क्रेट उघडला, पिल्लू उंच गवताच्या कडेला ठेवलं. ते तसंच दबून बसलं. मला थांबून आई येताना बघायची होती. ड्रोनवाला म्हणाला, "तू थांबलीस तर ती येणार नाही." निघालो.

म्युनिकच्या आसपास असाल तर या दिवसांत कुत्र्याचा पट्टा सोडू नका. पिल्लू दिसलं तर मागे फिरा. जखमी असेल किंवा सतत ओरडत असेल तरच फोन करा, तोही पोलिसांना, ते शिकारहक्क असलेल्या माणसाला कळवतात. आणि गाईचं दूध नको, हगवणीने जातात ती. चुकून हात लागला असेल तरी परत नेऊन ठेवा, आई बहुतेक वेळा घेते.

ग्रुपवरच्या त्या कुटुंबाने शेवटी त्याच संध्याकाळी पिल्लू जागेवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथे नव्हतं. आईने नेलं असेल, कोल्ह्यानेही नेलं असेल. ग्रुपवर मात्र आता सगळे विचारतायत, रात्री तिथे थांबून व्हिडिओ का नाही काढला.