पॉलच्या मृत्यूचं बिल एकट्या आईच्या नावावर का?

डी. एच. लॉरेन्सच्या 'द रॉकिंग-हॉर्स विनर' या कथेचा एक सारांश गाइडांत, यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे सापडतो. तो साधारण असा: आई लोभी. तिच्या हावेपायी लहानगा पॉल रेसच्या नादी लागतो, आपल्या डोलत्या लाकडी घोड्यावर बसून जिंकणारा घोडा ओळखतो आणि शेवटी त्यातच मरतो. तात्पर्य, पैशापेक्षा प्रेम मोठं.

यातलं 'शेवटी मरतो' एवढं निर्विवाद आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी 'लोभी आई'. कथेच्या पहिल्याच परिच्छेदात लॉरेन्स सांगतो की या देखण्या बाईनं प्रेमविवाह केला आणि प्रेमाची माती झाली. मुलं गोंडस, पण ती आपल्या गळ्यात मारली गेल्यासारखी तिला वाटतात. आपल्या काळजात एक कठीण जागा आहे, तिला कुणावरच प्रेम करता येत नाही, हे तिला स्वतःला ठाऊक आहे. पैशाची चणचण येते ती यानंतर. म्हणजे लोभानं माया आटवली, हा सारांशातला क्रम कथेत नाही. माया आधीच आटलेली आहे.

आणि चणचण तरी कसली? बाग असलेलं घर, नोकरचाकर, शेजाऱ्यांपेक्षा आपण वरचे ही भावना, आणि ते सगळं पेलणार नाही इतकं तुटपुंजं उत्पन्न. घरची मोटार नाही, म्हणून मामाची नाहीतर टॅक्सी. आईला कोर्टाच्या नोटिसा येतात, हे शाळकरी पॉललाही माहीत आहे. कथा १९२६ची. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये खाणकामगारांच्या बाजूनं सार्वत्रिक संप झाला. लॉरेन्स नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुडचा, कोळसा खाणकामगाराचा मुलगा. पोटाची ददात म्हणजे काय ते त्यानं जवळून पाहिलं होतं. पॉलच्या घरात ती नाही. तिथे आहे ती आब जाण्याची धास्ती, आणि तिच्यासाठी 'लोभ' हा शब्द फार ढोबळ पडतो.

आईच्या आवडी महागड्या आहेत, हे खरं. पण त्याच ओळींत बापाच्याही आवडी महागड्या आहेत, हे सारांशकार सोडून देतात. पॉल गुपचूप पाच हजार पौंडांची सोय करतो, वकिलामार्फत, आईच्या दर वाढदिवसाला एक हजार अशी. आई वकिलाकडे जाऊन सगळी रक्कम एकदम मागते, कारण ती कर्जात बुडालेली आहे. मग घरात नवं सामान येतं, हिवाळ्यात फुलं येतात, पॉलसाठी शिकवणी येते, ईटन या बड्या घरच्यांच्या शाळेचे बेत होतात. आणि 'आणखी पैसा हवा' ही मुलांना सतत ऐकू येणारी घराची कुजबुज थांबायच्या ऐवजी वसंतातल्या बेडकांसारखी वाढते. नुसती पैशाची भूक असती तर पाच हजारांनी ती निदान चार दिवस तरी गप्प बसली असती.

पुढचा दावा: आईनं मुलाला जुगाराला लावलं. इथे तर मूळ कथा वाचलीच नाही असं म्हणावं लागेल. पॉल पैसे लावतो हे आईला माहीतच नसतं. आपण नशीबवान आहोत, हे तो तिला तापात, मरायला टेकल्यावर पटवून सांगतो. 'हे तू मला कधी सांगितलं नाहीस' एवढंच ती म्हणू शकते. तिचा दोष दुसरीकडे आहे. नशीब म्हणजे ज्याच्यामुळे पैसा मिळतो ते, आणि तुझ्या वडिलांकडे ते नाही, असं ती कडवटपणे मुलासमोर बोलून जाते. पोरगं ते शब्दशः घेतं आणि बापाची रिकामी जागा भरायला निघतं.

मग माहीत कुणाला होतं? दोन मोठ्या माणसांना. एक माळी बॅसेट, युद्धात पायाला जखम झालेला. दुसरा आईचा सख्खा भाऊ, ऑस्कर मामा. लिंकनच्या रेसला पॉलनं सांगितलेला 'डॅफोडिल' एकास चार भावानं लागतो, मामाची खात्री पटते आणि तोही भागीदार होतो. आईला कळू द्यायचं नाही, हा पॉलचा हट्ट तो खुशीनं मान्य करतो. सेंट लेजरच्या शर्यतीत 'लाइव्हली स्पार्क' एकास दहा भावानं येतो, तेव्हा पॉलचे दहा हजार होतात आणि मामाचेही दोनशे लावलेले असतात. आणि डर्बीची ती मोठी शर्यत! मुलगा तापात 'मलबार, मलबार' ओरडत असताना हा मामा, राहवलं नाही म्हणून, स्वतःचे हजार पौंड एकास चौदा भावानं त्या घोड्यावर लावतो. लोभी कोण ते ठरवायचंच असेल, तर कथेत याच्याइतका चोख पुरावा दुसऱ्या कुणाविरुद्ध नाही.

गंमत अशी की कथेचं 'तात्पर्य' म्हणून लोक ज्या शेवटच्या उद्गाराच्या पोस्ट करतात तो याच मामाचा. हेस्टर (म्हणजे पॉलची आई), ऐंशी हजार तुझ्या जमेला आणि बिचारा मुलगा नावे, अशा अर्थाचं तो मृत भाच्याजवळ बोलतो. त्याला लेखकाचा उपदेश समजणं म्हणजे आरोपीच्या जबानीला निकालपत्र म्हणणं.

पॉल जुगारी आहे, हे तर दोन ओळींतच मिटतं. जिंकलेल्या पैशातून तो स्वतःसाठी काही मागत नाही. घराची कुजबुज थांबावी एवढंच त्याला हवं असतं.

जरा वरच्या वर्गात दुसरा दावा चालतो: ही मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडच्या ईडिपस गंडाची, म्हणजे मुलाच्या आईकडच्या ओढीची आणि बापाशी चढाओढीची कथा. मुलगा बापाची जागा घेऊ बघतो, इथवर ठीक. पण लॉरेन्सनं १९२१ आणि १९२२ साली दोन पुस्तकं लिहून फ्रॉइडशी उघड भांडण काढलं होतं. संसारात अतृप्त राहिलेली आई सगळी माया मुलावर लादते, ही त्याची तिथली तक्रार. त्याच्याच 'सन्स अँड लव्हर्स' या कादंबरीतली आई त्याच जातीची. इथे उलट आहे. लादायला मायाच नाही, म्हणून मुलगा ती विकत आणायला बघतो. आणि ही आई दगड आहे म्हणावं, तर डर्बीच्या दोन रात्री आधी पार्टीत तिचाच जीव मुलासाठी कासावीस होतो, तीच घरी फोन करते, तीच रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते.

बाप या सारांशात कुठेच नसतो. कथेतही तो फारसा नाही, पण त्याला मोकळं सोडलेलं नाही. मुलगा वर घोड्यावर पिसाटलेला असताना तो खाली व्हिस्की-सोडा बनवतो आहे. 'मलबार' म्हणजे काय, असं बायको विचारते तेव्हा तो थंडपणे म्हणतो, मला माहीत नाही.