कावळ्याविना म्हाळ

प्रशस्तिपत्रकावर ठसठशीत गुलाबी अक्षरांत 'हॅपी हॅलोविन' छापलंय आणि खाली आमच्या कन्येचं नाव. नाव तेवढं बरोबर आहे. कन्या सिनिअर केजीत. शाळेनं 'फेस्टिवल्स अराउंड द वर्ल्ड' काढलं, चिठ्ठ्या टाकून देश वाटले, आमच्या वाट्याला मेक्सिको आला. सण : डे ऑफ द डेड. रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप, 'पॅरेंट्स, काइंडली एक्स्प्लेन द फेस्टिवल टू युवर वॉर्ड.' म्हणजे फी त्यांनी घ्यायची आणि शिकवायचं आम्ही. शिवाय ड्रेस, प्रॉप आणि इंग्रजीतल्या चार ओळी परवा सकाळी तयार पाहिजेत.

आई म्हणाली, "जित्या पोरीच्या अंगावर हाडं काढतासा? अमावास्या हाय का बघा तरी आधी." तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी महाद्वार रोड गाठला.

तिथं एका बोळात ड्रेस भाड्यानं देणारं दुकान आहे. मालक स्टुलावर बसून मावळ्याच्या पगडीला डिंक लावत होते.

"मेक्सिकोचं काही आहे?"

त्यांनी वरच्या फळीकडे बराच वेळ बघितलं. "नेपाळ हाय."

"नेपाळ नको हो."

"टोपीचाच फरक असतोय. पंजाब हाय, केरळ हाय, कोळीण हाय. टोमॅटो हाय, वांगं हाय. अफजलखान हाय, पण त्येची दाढी हरवल्या."

मी सांगितलं, तिकडे मेलेल्या माणसांचा सण असतो, त्याचा ड्रेस पाहिजे.

"मग यमराज घ्या की! गदा संगट. रेड्याचं तोंड फुकट देतो."

यमराज नको म्हटल्यावर मात्र त्यांनी पगडी खाली ठेवली. "पावणं, बसा. सण काय हाय त्यो नीट सांगा."

शाळेनं जे आम्हाला सांगितलं नाही, ते मी त्या स्टुलाशेजारी उभा राहून सांगितलं. रात्रभर मोबाइलवर वाचून माझी तयारी झालीच होती. एक आणि दोन नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात असं मानतात. पहिला दिवस लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात चौरंगासारखं मांडतात, त्यावर त्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, खास पाव, साखरेच्या कवट्या आणि ज्याला जे आवडायचं ते.

"म्हंजे म्हाळच की वो!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "मग मेक्सिकोला कशाला जाताय? पोरीला नऊवारी नेसवा, हातात पत्रावळ द्या. कावळा मी देतो."

"कावळा?"

"तहानलेल्या कावळ्याचा हाय. माठ बी हाय."

"मालक, त्यांच्यात कावळा नसतो."

इथं त्यांचा चेहरा खरोखर पडला. "कावळा न्हाई? मग शिवलं का न्हाई, त्ये कळतंय कसं?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाचलेल्यात कुठंच नव्हतं. आपल्याकडे तासभर गच्चीत उभं राहून, 'आबा, शेताचं बघतो, धाकट्याचं लग्न करतो' अशी जाहीर कबुली दिल्याशिवाय पान हलत नाही. मेक्सिकोत म्हणे हिशेब सोपा. फुलांच्या पाकळ्यांची वाट करतात, वासावर माणसं येतात, जेवणाचा वास घेतात आणि जातात. कुणी काही कबूल करून घेत नाही.

"आणि ज्याला जे आवडायचं म्हंजे… ह्ये बी?" त्यांनी अंगठा तोंडाकडं नेला.

"हो. मेस्काल, टकिला. सिगारेटसुद्धा ठेवतात."

"आमच्या चुलत्यानं चुकीच्या गावात जन्म घेतला बघा." मग एकदम, "फुलं कुठली?"

"झेंडू."

"आपला झेंडू?"

"तो मूळचा त्यांचाच आहे, मेक्सिकोचा."

हे बोलायला नको होतं. मालक उठून दारात गेले आणि समोरच्या फूलवाल्या मावशींना ओरडून म्हणाले, "मावशे, ऐकलंस का? झेंडू भायरचा हाय म्हनं! दसऱ्याला आपण आजवर भायरचा झेंडू लावलाव!" मावशींनी मान वर न करता विचारलं, "त्यो किती किलो घेणार हाय?" बोळातली तीन-चार माणसं थांबून माझ्याकडे बघायला लागली. मिरचीही मूळ तिकडचीच, म्हणजे तांबड्या रश्श्याचं माहेरसुद्धा मेक्सिको, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण कोल्हापुरात काय बोलावं यापेक्षा कुठं बोलू नये हे कळावं लागतं.

शेवटी कुठल्या तरी शाळेच्या 'आपले शरीर' या नाटुकल्यातला काळा ड्रेस निघाला, पांढऱ्या रंगात हाडं काढलेला. बरगड्या एका बाजूला कमी होत्या. भाडं साडेतीनशे, डिपॉझिट पाचशे. मावशींकडून अर्धा किलो झेंडू घ्यावाच लागला.

मेहुणी बालवाडीत शिकवते. ती फोनवर म्हणाली, अमेरिकेतल्या बालशिक्षणवाल्यांनी या प्रकाराला 1989 सालीच 'टुरिस्ट करिक्युलम' म्हणून झोडपलंय. पोशाख घालायचा, पदार्थ खायचा, फोटो काढायचा, चला पुढच्या देशाला. मी म्हटलं, टुरिस्टला निदान हॉटेल तरी मिळतं.

कार्यक्रमाला जपान होता, आईच्या गाऊनवर ओढणी बांधून आणि अंबाड्यात स्वेटरच्या सुया खोचून. स्पेनच्या वाट्याला 'ला तोमातिना' आला होता. बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी टोमॅटो फेकून मारतात, तो. 1945 पासून चालू आहे. आपल्याकडे भाव पडला की शेतकरी ट्रॉलीच्या ट्रॉली रस्त्यावर ओततो. त्याला कुणी उत्सव म्हणत नाही आणि त्याचा ड्रेस घालून कुणी पोर स्टेजवर चढवत नाही. आणि पहिला नंबर कुणाचा? जर्मनीचा! ऑक्टोबरफेस्ट. 1810 साली म्युनिकमध्ये युवराजाच्या लग्नाची जत्रा भरली, तिथून हे सुरू झालं हे ठीक. पण पाच वर्षांचं पोर हातात बिअरचा मग घेऊन, वर ताकाचा फेस आणून 'चिअर्स' म्हणालं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. आमची कन्या मात्र मेलेल्या पणजीचा फोटो घेऊन गेली, तर पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "शी, किती निगेटिव्ह."

कन्येनं चारही ओळी धडाधड म्हटल्या. वर पाचवी स्वतःची जोडली, "माझ्या पणजीला भडंग आवडायचं." मराठीत म्हटली म्हणून तिचा गुण कापला. मग पाहुण्यांनी माइक घेतला. "हॅलोविनचा किती सुंदर ड्रेस!" टाळ्या.

मी मॅडमना गाठलं. "मॅडम, हॅलोविन 31 ऑक्टोबरला. ते भुताला घाबरायचं. हे घरच्या माणसाला जेवायला बोलवायचं. युनेस्कोच्या यादीत आहे, 2008 पासून."

"सर, ऑलमोस्ट सेमच ना?"

"मग बेंदूर आणि पोळासुद्धा सेमच म्हणा!"

"हो, तेही सेमच ना," मॅडम गोड हसून म्हणाल्या आणि मला ब्राझीलच्या पिसांतून वाट काढत बाहेर पडावं लागलं. वर सांगितलं, सर्टिफिकेट आधीच प्रिंट झालीत. आधीच! म्हणजे पोरगी स्टेजवर चढायच्या आधीच तिचा सण बदलून टाकला होता. आणि सर्टिफिकेटचे दीडशे रुपये वेगळे. 'ॲक्टिव्हिटी चार्जेस.'

तसं शुद्धतेचं फार कौतुक मला नाही. मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूकसुद्धा 2016 सालची. आधी बाँडच्या सिनेमात दाखवली, मग लोकांना प्रत्यक्ष बघायची हौस आली म्हणून त्यांनी काढली. त्यांची बदलली तर त्यांनी बदलली. ज्यानं चिठ्ठ्या टाकल्या, देश वाटले, त्याला आपण काय वाटलंय हे ठाऊक नसावं, याचा मात्र राग येतो.

ड्रेस परत द्यायला गेलो, तर मालकांनी तो उजेडात धरला.

"बरगडीवर डाग हाय."

"डाग नाही, झेंडू चुरगळलाय. धुतला की जाईल."

"दीडशे कापणार."

"अहो मालक, एवढ्याशा झेंडूचे दीडशे?"

"आपला असता तर सोडला असता," मालक डिपॉझिट मोजत म्हणाले. "भायरचा हाय."