माशांच्या ठिपक्यांचा कर्करोगाशी संबंध काय?

माशांवरच्या माझ्या संशोधनाबद्दलच्या मागच्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "वर्षानुवर्षं माशांच्या अंगावरचे काळे ठिपके मोजायचे आणि त्याला कर्करोगावरचं संशोधन म्हणायचं, ही रुग्णांची दिशाभूल आहे. शिवाय सावळ्या माणसांना त्वचेचा कर्करोग होतच नाही," असं तुम्ही लिहिलंय.

आधी शेवटचा मुद्दा घेते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. सावळ्या, काळ्या त्वचेत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींपासून होणारा त्वचेचा कर्करोग, कमी होतो, पण होतो. बऱ्याचदा तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. बॉब मार्ली 1981 मध्ये गेले ते पायाच्या अंगठ्यातल्या अशाच मेलॅनोमाने. 'आपल्याला होत नाही' या समजुतीपायी तो उशिरा सापडतो. नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल किंवा तळपायावरचा डाग वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

आता मासे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, मुळात त्वचेतल्या नव्हेतच. भ्रूणात मज्जारज्जू घडत असताना त्याच्या वरच्या कडेला 'न्यूरल क्रेस्ट' नावाचा पेशींचा पट्टा असतो. तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, इतर ऊतींमधून वाट काढत लांबवर जातात आणि त्यांतल्या काही त्वचेत येऊन स्थिरावतात. मेलॅनोमा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतानाही लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला असू शकतो, तो का, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. सुटणं आणि भटकणं या पेशींच्या पूर्वजांनी भ्रूणातच केलेलं असतं.

मी ज्यावर काम करते त्या झेब्राफिश या छोट्या पट्टेदार माशाचं भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतं आणि पारदर्शक असतं, त्यामुळे हा प्रवास जिवंतपणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. एकेक काळा ठिपका म्हणजे एकेक रंगपेशी. ठिपके मोजते ते यासाठी: किती पेशी निघाल्या, किती पोहोचल्या, कोणतं जनुक बिघडवलं की त्या वाटेतच अडकतात. एमआयटीएफ हे जनुक घ्या. त्याचं माशातलं रूप बिघडलं की काळे पट्टे उमटतच नाहीत. माणसात त्यात दोष असला तर कपाळावर पांढरी बट येऊ शकते आणि बहिरेपणाही, कारण अंतर्कर्णालाही याच पेशी लागतात. मेलॅनोमाच्या पेशी कधी विभागत राहतात आणि कधी भटकायला लागतात, यातही या जनुकाचा मोठा हात असतो.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न वेगळाच आहे. मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकात बदल आढळतो, हे 2002 मध्ये कळलं. पण अंगावरच्या बहुतेक साध्या तिळांतही तोच बदल असतो आणि ते तीळ जन्मभर गप्प बसतात! मग बिघडतं कुठे? 2016 मध्ये बॉस्टनला संशोधक लेनर्ड झॉन यांच्या प्रयोगशाळेने असे मासे वापरले, ज्यांच्या सगळ्याच रंगपेशींत कर्करोगाकडे नेणारे बदल होते. त्यांत न्यूरल क्रेस्टचं एक जनुक जागं झालं की पेशी हिरवी चमकावी, अशी सोय होती. एवढ्या पेशींतून एखादीच चमकली, आणि गाठ तिच्यापासूनच वाढली. ती पेशी पुन्हा भ्रूणातल्यासारखी वागू लागली होती.

रुग्णांशी याचा थेट संबंध आहे. बीआरएएफ रोखणारं पहिलं औषध 2011 मध्ये मान्य झालं. गाठी झपाट्याने आकसतात, पण अनेकांत काही महिन्यांनी रोग परततो. औषधाला पुरून उरणाऱ्या पेशींतल्या काही अशाच, रंगपेशीची ओळख टाकून न्यूरल क्रेस्टकडे वळलेल्या दिसतात. भ्रूणातला मूळ प्रवास नीट माहीत नसेल, तर ही उलटी वाट ओळखायची कशी?

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. 'या माशांतून उद्याचं औषध मिळेल' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. उपचाराची वाट पाहणाऱ्या माणसाने ते वाचलं तर त्याला काय वाटेल, याचा विचार मी केला नाही. ते वाक्य आज काढलं. त्या जागी, मी कोणत्या पेशी मोजते आणि त्यावरून काय कळतं, एवढंच लिहिलंय.