‘गोळी नको, शिस्त लावा’ : एडीएचडीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार, असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत एक संदेश पुन्हा पुन्हा येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा : हा आजारच नाही, औषध कंपन्यांनी तो जन्माला घातला, साखर आणि मोबाइल बंद करून घरात शिस्त लावली की मूल ताळ्यावर येते, गोळ्यांनी मूल सुन्न होते आणि पुढे व्यसनी बनते, आणि एकदा सुरू झालेली गोळी जन्मभर सुटत नाही. असे काही वाचून कोणी चालू उपचार परस्पर बंद करतो, कोणी तपासणीलाच जात नाही, आणि भोगावे लागते ते मुलाला. म्हणून यातले एकेक विधान तपासणे भाग आहे.

औषध कंपन्यांनी आजार जन्माला घातला, हे विधान सनावळीवरच कोसळते. लक्ष एका जागी न ठरण्याच्या विकाराचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच केले होते, आणि १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील आपल्या व्याख्यानांत अशाच प्रकारच्या मुलांची उदाहरणे मांडली. आज या विकारावर मोठ्या प्रमाणात वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध पहिल्यांदा तयार झाले ते १९४४ मध्ये. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे दिसले आहे, तेव्हा तो पालकांच्या संगोपनाचा दोष ठरवणेही अन्यायाचे आहे. मात्र निदानाचा अतिरेक होतो ही भीती अगदीच निराधार नाही. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का अधिक वेळा बसतो, असे अनेक देशांत आढळले आहे. म्हणजे काही वेळा केवळ वयाला साजेसा पोरकटपणा आजार म्हणून नोंदला जातो. त्यावर उपाय निदान काटेकोरपणे करण्याचा आहे. लक्षणे बारा वर्षांच्या आतली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांमुळे मुलाचे रोजचे व्यवहार खरोखर अडायला हवेत. शिक्षकांचे म्हणणे न घेता, झोप, श्रवण, दृष्टी आणि शिकण्यातील अडचणी न पाहता पहिल्याच भेटीत कोणी चिठ्ठी लिहून देत असेल, तर पालकांनी दुसरा सल्ला जरूर घ्यावा.

साखरेचा मुद्दा लवकर निकाली निघतो. मुलांना कधी साखर आणि कधी तिच्यासारखाच गोड पर्याय देऊन, कोणाला काय दिले हे लपवून केलेल्या चाचण्यांचा १९९५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वागण्यात फरक दिसला नाही. काही कृत्रिम खाद्यरंगांचा काही मुलांवर थोडा परिणाम होतो, तो टाळता येतो. मोबाइल कमी केल्याने झोप सुधारत असेल तर तो अवश्य कमी करावा, पण तेवढ्याने एडीएचडीचा उपचार होत नाही.

शिस्तीचे विधान अधिक नुकसान करते, कारण ते अर्धे खरे वाटते. या मुलांना नियम बहुधा ठाऊक असतो. ऐन वेळी स्वतःला आवरणे त्यांना जमत नाही, आणि म्हणून ओरडा, मार किंवा आठवड्याने मिळणारी शिक्षा यांचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो वेगळ्या पद्धतीचा. ‘लवकर आवर’ या एका वाक्यात दात घासणे, कपडे बदलणे, वही शोधणे, दप्तर भरणे, बूट घालणे अशी पाच कामे दडलेली असतात, आणि दुसऱ्या कामापाशीच मूल खिडकीबाहेर पाहत उभे राहते. पालकांच्या प्रशिक्षणात नेमके हेच शिकवतात : मुलाच्या जवळ जाऊन एका वेळी एकच सूचना द्यावी, ती पाळली की त्याच क्षणी, काय चांगले केले त्याचा उल्लेख करून शाबासकी द्यावी, आणि किरकोळ चुळबुळीकडे ठरवून दुर्लक्ष करावे. शाळेतून दोन-तीन ठरलेल्या गोष्टींची नोंद रोज घरी यावी आणि तिचे छोटे बक्षीस त्याच संध्याकाळी मिळावे. हे महिनोन्‌महिने सातत्याने करणे फार कष्टाचे आहे. ‘शिस्त लावा’ म्हणणारे या कष्टांविषयी अवाक्षर काढत नाहीत. सहा वर्षांखालील मुलांत याच प्रशिक्षणाने सुरुवात करावी, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. मोठ्या मुलांत, त्रास तीव्र असेल तर, एवढ्याने अनेकदा भागत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांना चौदा महिने वेगवेगळे उपचार दिले गेले. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. मात्र दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांचे काम औषधाच्या कमी मात्रेत भागले. तीन वर्षांनंतर या गटांतील फरक उरले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. चौदा महिन्यांनंतर त्या मुलांचे उपचार काटेकोर देखरेखीखाली राहिले नव्हते.

गोळीने मूल सुन्न होते, या तक्रारीकडे मी गांभीर्याने पाहतो. असे घडते, आणि बहुधा ते मात्रा जास्त झाल्याचे किंवा ते औषध त्या मुलाला न मानवल्याचे लक्षण असते; अशा वेळी मात्रा घटवावी किंवा औषध बदलावे. मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांचे पुनर्शोषण रोखते, त्यामुळे हाती घेतलेल्या कामावर टिकून राहणे सोपे जाते. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढणे, उंचीची वाढ थोडी मंदावणे हे त्याचे खरे दुष्परिणाम आहेत. म्हणून कुटुंबातील हृदयविकाराची माहिती आधी द्यावी, आणि वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नोंद वेळोवेळी व्हावी. भूक दुपारी मरत असेल तर सकाळचे खाणे गोळीआधी पोटभर व्हावे. व्यसनाच्या बाबतीत, बालपणी ही औषधे घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचे प्रमाण वाढल्याचे दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत आढळलेले नाही. दुसऱ्याने गोळ्या वापरण्याचा धोका मात्र असतो, म्हणून त्या मोठ्यांच्या ताब्यात ठेवाव्यात.

राहिला जन्मभराचा प्रश्न. मेथिलफेनिडेटचा परिणाम काही तासांचाच असतो, आणि औषधाची गरज अजून आहे का, हे वर्षातून किमान एकदा तपासावे, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना आहे. काही मुलांचे औषध वाढत्या वयात सुटते, काहींना प्रौढपणीही लागते. थांबवून पाहायचे असेल तर परीक्षेचा काळ टाळून, शिक्षकांना निरीक्षण करायला सांगून आणि डॉक्टरांशी ठरवूनच पाहावे. ग्वानफेसिन किंवा क्लोनिडिन हे एडीएचडीवरचे दुसरे औषध चालू असेल तर ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब अचानक वाढू शकतो. त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.